गाठ जात नाही, तिची वाढ जाते

प्रश्न गोव्यातल्या साखळी गावच्या एका गृहस्थांचा आहे. थोडक्यात असा: "आई ५७ वर्षांची. मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. वर्षभर डाव्या कानाने कमी ऐकू येतंय, कानात सतत गुंई असा आवाज असतो, अंधारात चालताना तोल जातो. एमआरआयमध्ये डाव्या बाजूला १.९ सेंटिमीटरची गाठ निघाली, 'व्हेस्टिब्युलर श्वानोमा' असं लिहिलंय. एका डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, दुसऱ्यांनी मुंबईला जाऊन गॅमा नाइफ, तिसरे म्हणाले सहा महिने काहीच करू नका. चाकू न लावता गाठ खरंच जाते का? केस जातील का? किरणांनी पुढे कॅन्सर होईल का? आणि करायचंच असेल तर चवथीआधी (गणेशचतुर्थीआधी) उरकून घ्यावं का?"

नमस्कार. तिघांपैकी कोणीही तुम्हाला फसवलेलं नाही, हे आधी सांगतो. ही गाठ ३ सेंटिमीटरच्या वर असती तर तिघेही ऑपरेशनच म्हणाले असते. ८ मिलिमीटर असती तर बहुधा तिघेही थांबा म्हणाले असते. १.९ हे माप असं आहे की तिन्ही वाटा उघड्या आहेत. म्हणून गोंधळ.

मी न्यूरोसर्जन आहे. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉत) शिकलो, मग मुंबईत राहिलो. पहिली काही वर्षं याच गाठी कवटी उघडून, मायक्रोस्कोपखाली आठ-आठ तास बसून काढल्या. गेली वीसेक वर्षं त्यातल्या बऱ्याचशा किरणांनी हाताळतो. तेव्हा माझा कल कुठे असेल ते तुम्ही ओळखालच. तरी तो कल जिथे आड येईल तिथे सांगत जाईन.

पहिला प्रश्न: गाठ जाते का? नाही. जाते ती तिची वाढ. दहांपैकी नऊजणांत, किंबहुना त्याहून जास्त जणांत, दहा वर्षांनंतरही गाठ आहे तेवढीच असते किंवा थोडी आक्रसलेली असते. पूर्ण नाहीशी झालेली क्वचितच दिसते. हे मी आता असं ठासून सांगतो, कारण सुरुवातीला मीच चुकीचं बोलायचो. "किरणांनी गाठ जळून जाईल" हे बोलायला सोपं, रुग्णालाही ऐकायला बरं. फोंड्याच्या एक बाई होत्या. दरवर्षी एमआरआयची सीडी घेऊन यायच्या आणि "डॉक्टर, अजून आहेच हो" म्हणून डोळ्यांना पदर लावायच्या. गाठ सहा वर्षं १४ मिलिमीटरची १४ मिलिमीटरच होती. माझ्या लेखी उपचार शंभर टक्के यशस्वी, त्यांच्या लेखी शंभर टक्के फसलेला. दोष त्यांचा नव्हता. त्यानंतर 'जळणे' हा शब्द मी सोडून दिला.

आता ही गाठ आहे काय ते. आतल्या कानातून मेंदूकडे आठव्या क्रमांकाची नस जाते. तिचा एक भाग ऐकण्याचा, दुसरा तोल सांभाळण्याचा. तोलाच्या भागावर जे आवरण असतं, त्याच्या पेशींची ही गाठ. कॅन्सर नव्हे. पसरत नाही, रक्तातून कुठे जात नाही. वाढते ती वर्षाला सरासरी एक-दोन मिलिमीटर, आणि बऱ्याच जणांत वर्षानुवर्षं अजिबात वाढत नाही. पण जागा अडचणीची: हाडाच्या बारीक बोगद्यात सुरू होते आणि पुढे मेंदूच्या देठाजवळच्या कोपऱ्यात डोकावते. त्याच बोगद्यातून सातवी नस जाते, चेहरा हलवणारी. म्हणून या गाठीचं सगळं राजकारण चेहरा आणि कान या दोन गोष्टींभोवती फिरतं.

आईला एक गोष्ट विचारून बघा. सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू ऐकू येतो, पण तो घराच्या कोणत्या बाजूने येतोय ते कळतं का? एका कानाचं ऐकणं गेलं की आवाजाची दिशा हरवते. आवाज कुठून आला हे मेंदू दोन्ही कानांत पडणाऱ्या सूक्ष्म फरकावरून ठरवतो. दुसरं, फोन डाव्या कानाला लावल्यावर आवाज ऐकू येतो पण शब्द लागत नाहीत, असं होतं का? होत असेल तर ती खूण या गाठीत फार बोलकी असते. तुमच्या पत्रात एमआरआय आहे, ऑडिओग्राम (ऐकण्याची तपासणी) नाही. तो काढा. नुसता आवाज किती ऐकू येतो एवढाच नव्हे, उच्चारलेले शब्द शेकडा किती ओळखता येतात तो आकडाही हवा. तो हातात आल्याशिवाय कोणीही 'कान वाचवू' असं म्हणत असेल तर ते हवेतलं बोलणं आहे.

गॅमा नाइफ या नावात सुरी असली तरी सुरी कुठेच नाही. स्वीडनचे न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांनी १९५१ साली कवटी न उघडता, नेमक्या बिंदूवर किरण एकवटून शस्त्रक्रियेचं काम साधण्याची कल्पना मांडली. १९६८ च्या सुमारास स्टॉकहोममध्ये पहिलं यंत्र उभं राहिलं. त्यात कोबाल्ट-६० चे १७९ स्रोत होते. गंमत अशी की हे यंत्र त्यांनी गाठींसाठी बनवलंच नव्हतं. असह्य वेदना, कंप अशा तक्रारींसाठी मेंदूच्या आत एक सूक्ष्म जागा निकामी करायची, एवढाच हेतू होता. गाठी नंतर आल्या. तुमच्या आईसारखी कानाच्या नसेची गाठ मात्र त्यात फार लवकर, १९६९ मध्येच घेतली गेली. आजच्या यंत्रांत १९२ स्रोत असतात. भारतात हे तंत्र १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई आणि दिल्लीला आलं.

काम कसं होतं ते असं पाहा. शिरगावला लईराईची जत्रा असते तेव्हा डिचोलीकडून, अस्नोड्याकडून, मये-पिळगावकडून माणसं येतात. एखाद्या वाड्याच्या पायवाटेवर उभे राहिलात तर चार-दोन धोंड (देवीचे व्रतस्थ भक्त) हातात वेताची काठी घेऊन जाताना दिसतील, बस. पण सगळ्या वाटा जिथे मिळतात त्या देवळापुढे पाय ठेवायला जागा नसते. १९२ किरणांतला प्रत्येक किरण त्या पायवाटेसारखा. वाटेतल्या मेंदूला तो एकटा फारसं काही करत नाही. सगळे भेटतात तिथे मात्र मात्रा साचते, आणि त्या जागेच्या बाहेर दोन-चार मिलिमीटरमध्येच झपाट्याने उतरते.

तुमच्या आईच्या गाठीला कडेवर १२ ते १३ ग्रे एवढी मात्रा देतात. ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप. कडेवर १२ म्हणजे गाठीच्या मध्यावर साधारण २४. ऐकण्याच्या शंखात (आतल्या कानातल्या शंखाकृती भागात) सरासरी ४ ग्रेच्या वर जाऊ नये असं आम्ही बघतो. साधला तर साधतो. गाठ शंखाला चिकटून असली की जमत नाही. या मात्रेनं पेशी लगेच मरत नाहीत. त्यांच्या आतला जनुकीय धागा असा तुटतो की पुढच्या वेळी दुभंगायला गेल्या की दुभंगता येत नाही. शिवाय गाठीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांच्या भिंती महिनोन्महिने जाड होत बंद पडतात. सावकाश वाढणाऱ्या गाठीत हे सगळं सावकाशच होतं. सहा महिन्यांत फरक शोधणं म्हणजे माड लावून दुसऱ्या वर्षी नारळ मोजायला जाणं.

इथे एक जुनं भूत उतरवतो. एखादे वडीलधारे डॉक्टर म्हणतील, "किरणांनी तोंड वाकडं होतं." ते खोटं बोलत नाहीत, त्यांच्या उमेदीच्या काळात होत होतं. पूर्वी याच गाठीला आताच्या दीडपट-दुप्पट मात्रा द्यायचे, आणि गाठीची कड सीटी स्कॅनवर अंदाजाने धरायचे. एमआरआय आला, मात्रा १२-१३ वर उतरली, आणि चेहऱ्याची नस कायमची दुखावण्याचं प्रमाण शंभरात एखाद-दुसऱ्यावर आलं. गाठ रोखण्याची ताकद कमी झाली नाही.

कानाच्या बाबतीत मी एवढा खुशीत नाही. उपचारानंतर कामापुरतं ऐकू येणं पहिल्या काही वर्षांत निम्म्याहून अधिक लोकांत टिकतं, पण पुढे ते हळूहळू ओसरत जातं. दहा वर्षांनी टिकलेले बरेच कमी. किरण न देता नुसतं थांबलं तरी ऐकणं ओसरतंच. नॉर्वेत बर्गनच्या मंडळींनी १०० रुग्णांवर चाचणी केली. २ सेंटिमीटरपेक्षा लहान गाठी, निम्म्यांना लगेच किरण, निम्म्यांना नुसती नजर. निकाल २०२३ मध्ये आला. चार वर्षांनंतर किरण दिलेल्यांच्या गाठी आकाराने कमी झालेल्या, थांबलेल्यांच्या वाढलेल्या. थांबलेल्यांपैकी सुमारे ४० टक्क्यांना पुढे किरण घ्यावे लागलेच. पण ऐकणं, चक्कर, रोजचं जगणं यात दोन्ही गटांत सांगण्यासारखा फरक नाही. म्हणजे लवकर किरण दिले म्हणून कान वाचतो, असं कोणी सांगत असेल तर त्याला आधार नाही. थांबा म्हणणारे तुमचे तिसरे डॉक्टर आळशी नाहीत, ते हे वाचलेले असावेत.

उपचाराच्या दिवशी काय होतं ते नीट लिहितो, कारण रुग्णाची खरी भीती तिथेच असते आणि आम्ही डॉक्टर ते दोन वाक्यांत उरकतो.

आदल्या संध्याकाळी दाखल व्हायचं, डोकं स्वच्छ धुवायचं. केस कापत नाहीत. सकाळी हलका नाश्ता. मग डोक्याला एक हलकी धातूची चौकट बसवतात, कपाळावर दोन आणि मागे दोन अशा चार पिनांनी. त्या चार जागांना भुलीची इंजेक्शनं देतात. तीच काय ती दुखणारी गोष्ट. मधमाशी चावल्यासारखं चार वेळा चुरचुरतं. पिना घट्ट करताना दुखत नाही, पण डोकं कुणीतरी दोन हातांत घट्ट धरल्यासारखा दाब येतो, दहा-पंधरा मिनिटांत त्याची सवय होते. रुग्णाला हे आधी सांगितलं नाही तर त्या दाबाने माणूस घाबराघुबरा होतो. चौकट कशासाठी? डोकं हलू नये हे एक; पण मुख्य म्हणजे चौकटीवर मापं असतात, आणि मेंदूतला प्रत्येक बिंदू त्या मापांवरून मिलिमीटरच्या अंशापर्यंत सांगता येतो. चौकटीसकट एमआरआय काढतात. मधुमेह आहे म्हणून आईचं क्रिएटिनिन आधी तपासून घ्या. एमआरआयमध्ये शिरेतून औषध देतात, मूत्रपिंडं ठीक हवीत.

त्यानंतर दोन-तीन तास रुग्णाला काही काम नसतं. चौकट लावून खाटेवर बसायचं, चहा प्यायचा, नातेवाइकांशी बोलायचं. त्या वेळात आम्ही संगणकापुढे असतो: न्यूरोसर्जन, रेडिएशन ऑन्कोलॉजिस्ट आणि मेडिकल फिजिसिस्ट. तिसरं माणूस रुग्णाला दिसतच नाही, आणि अख्ख्या उपचाराचा कणा तेच असतं. गाठीची कड, मेंदूचा देठ, शंख, चेहऱ्याची नस रेखून, कुठल्या बिंदूवर किती मिनिटं हे तिथे ठरतं. मी कितीदा "आता झालं" म्हणून उठलोय आणि आमच्या फिजिसिस्ट बाईंनी "बसा सर, देठावर अजून अर्धा ग्रे कमी होतोय" म्हणून खाली बसवलंय.

मग यंत्राचा पलंग. डोकं आत, शरीर बाहेर. आवाज नाही, झटका नाही, ऊब नाही. वेळ अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत. हा फरक निम्मा गाठीच्या आकारावर आणि निम्मा कोबाल्टच्या वयावर. कोबाल्ट-६० ची शक्ती सव्वापाच वर्षांत निम्मी होते. म्हणून जुन्या स्रोतांच्या यंत्रावर तीच मात्रा द्यायला वेळ जास्त लागतो. मात्रा मात्र तेवढीच. भजनं लावायची सोय असते. पेडण्याच्या एका काकांनी घुमट आरत्यांची स्वतःची पेन ड्राइव्ह आणली होती आणि आत पडल्या पडल्या बोटांनी ताल धरला. कॅमेऱ्यावर बघणाऱ्या तंत्रज्ञाला वाटलं फिट येतेय. संध्याकाळी चौकट निघते, पिनांच्या जागी छोट्या पट्ट्या. दुसऱ्या दिवशी घरी. कपाळावर दोन-चार दिवस सूज, डोळ्यांभोवती थोडी फुग, एखाद-दोन दिवस डोकेदुखी. केस जात नाहीत; इतक्या खोलवरच्या गाठीत कातडीला पोचणारी मात्रा नगण्य असते. सुजेसाठी स्टेरॉइड दिलं तर आईची साखर चढेल, त्याची तयारी ठेवा. घरी ग्लुकोमीटर असू द्या आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना आधी कल्पना द्या.

चौकटीऐवजी मास्कवर करतात तेही खरं. गॅमा नाइफच्या नव्या मॉडेलवर मास्कची सोय आहे. सायबरनाइफमध्ये तर रोबोच्या हातावर छोटं लिनॅक (कोबाल्टऐवजी विजेवर किरण तयार करणारं) यंत्र असतं, ते डोक्याभोवती फिरतं आणि उपचार होत असतानाच क्ष-किरणांनी डोक्याची जागा पुन्हापुन्हा तपासतं. ते अमेरिकेत स्टॅनफर्डला जॉन अ‍ॅडलर यांनी घडवलं. साध्या लिनॅकवरही ही कामं चांगली होतात. मास्कवर तीन किंवा पाच दिवसांत विभागून मात्रा देता येते, मोठ्या गाठीला ते बरं पडतं. 'कुठलं मशीन चांगलं' हा प्रश्न मला रोज येतो, आणि तो चुकीचा प्रश्न आहे. विचारा: कानाच्या नसेच्या गाठी तुम्ही वर्षाला किती करता? शंखाची आणि देठाची मात्रा मला कागदावर दाखवाल का? पुढची दहा वर्षं एमआरआय कोण बघणार? शेवटच्या प्रश्नाला जिथे सरळ उत्तर मिळेल तिथे जा, मशीन कुठलंही असो.

कारण खरी परीक्षा उपचारानंतर येते. सहा महिने ते दीड वर्ष या काळात बऱ्याच गाठी आधी फुगतात. किरणांनी आतल्या पेशी मरतात, मधला भाग एमआरआयवर काळवंडतो, आणि सूज येऊन कड दोन-तीन मिलिमीटर बाहेर सरकते. रिपोर्ट लिहिणाऱ्या रेडिओलॉजिस्टला किरण दिल्याची माहिती नसेल तर तो प्रामाणिकपणे लिहितो: गाठ वाढली आहे. घरात रडारड. माझ्या एका रुग्णाचं असंच झालं. तरुण मुलगा, उपचार होऊन नऊ महिने झालेले, गाठ १७ वरून २० मिलिमीटर. मी त्या महिन्यात बाहेरगावी. त्यांनी दुसऱ्या शहरातल्या एका इस्पितळात दाखवलं, तिथे आठवड्यात ऑपरेशन झालं. किरण घेतलेली गाठ आजूबाजूच्या नसांना चिकटते, सोडवणं अवघड जातं. मुलाचा चेहरा अर्धा गेला. काढलेल्या गाठीत बहुतेक मेलेल्या पेशी होत्या. ती आणखी वर्षभरात आपोआप बसली असती. त्या सर्जनला दोष देऊन मी झोपू शकत नाही, कारण 'ही फुगेल, घाबरू नका, मला विचारल्याशिवाय काही करू नका' हे मी तोंडी सांगितलं होतं, लिहून दिलं नव्हतं. आता प्रत्येकाच्या डिस्चार्ज कार्डावर ठळक मराठीत लिहून देतो.

मात्र फुगवटा नेहमीच निरुपद्रवी नसतो. चालणं अचानक बिघडलं, डोकेदुखीबरोबर उलट्या सुरू झाल्या, लघवीवरचा ताबा सुटू लागला तर मेंदूतलं पाणी अडलेलं असू शकतं. तेव्हा वाट बघायची नाही, गोमेकॉच्या कॅज्युअल्टीत थेट जायचं.

कॅन्सरची भीती. किरणांनी साधी गाठ घातक होणं किंवा शेजारी नवा कॅन्सर उद्भवणं हे नोंदलं गेलेलं आहे, नाही म्हणणार नाही. पण हजारो रुग्णांची वर्षानुवर्षं नोंद ठेवलेल्या पाहण्यांत ते इतकं विरळ निघालं की ५७ व्या वर्षी त्यावरून निर्णय फिरवू नये. रुग्ण १८ वर्षांचा असता, किंवा दोन्ही कानांना गाठी असत्या, तर मी हा परिच्छेद वेगळा लिहिला असता. दोन्ही बाजूंना गाठी हा एक आनुवंशिक आजार असतो, त्याचं गणित निराळं. तुमच्या रिपोर्टात उजवी बाजू स्वच्छ आहे ना, एवढं बघून घ्या.

'चाकू न लावता' हे शब्द ऐकून माझ्याकडे जे येतात त्या सगळ्यांना हा उपचार लागू पडत नाही, तेही सांगतो. मेंदूच्या पेशींतूनच उगवणाऱ्या, मुळं पसरलेल्या ग्लायोमासारख्या गाठींना नेमकी कडच नसते. जिथे कड नाही तिथे काठाशी थांबणारे किरण काय करणार? त्यांना आधी ऑपरेशन आणि मग सहा आठवड्यांचा नेहमीचा 'लाइट' (रोज थोडे थोडे किरण देणं) हाच रस्ता, आणि तरीही कुणी गॅमा नाइफची आशा लावून लाखो रुपये मागत असेल तर दुसरं मत घ्या. दुसऱ्या अवयवाच्या कॅन्सरमधून मेंदूत आलेले लहान ठिपके मात्र या उपचाराला उत्तम प्रतिसाद देतात; तिथे अख्ख्या मेंदूला लाइट दिला तर स्मरणशक्तीला धक्का बसतो, तो टळतो. रक्तवाहिन्यांचा जन्मजात गुंता असेल तर किरणांनी तो बंद व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि तोवर रक्तस्रावाचा धोका डोक्यावर राहतोच. चेहऱ्यात वीज चमकल्यासारखी कळ येणाऱ्या दुखण्यात नसेच्या मुळाशी ८० ग्रेच्या आसपास मात्रा एका बिंदूवर देतात. आराम पडायला काही आठवड्यांपासून दोन-तीन महिने लागतात, कधी गाल बधिर होतो. आणि हातांच्या कंपासाठी हल्ली जो ध्वनिलहरींचा उपचार आला आहे त्यात किरण नसतातच. तो वेगळा विषय.

अजून एक, आपल्याकडचं. किरणांचा उपचार गाठीचा तुकडा न तपासता, नुसत्या एमआरआयवर होतो. तुमच्या आईच्या गाठीत ते चालतं, कारण हिचं रूप आणि जागा दोन्ही ओळखीच्या. पण मेंदूत कुठेही गोल, कडेने चमकणारा ठिपका दिसला की आपल्या देशात आधी क्षयाची गाठ आणि मग फीतकृमीची अळी डोक्यात आणावी लागते. वास्कोहून एक जहाजावरचा तरुण 'ब्रेन कॅन्सर'चा कागद घेऊन, घर गहाण ठेवायच्या तयारीने आला होता. अळी निघाली. काही आठवड्यांच्या गोळ्या आणि फिटचं औषध, संपलं.

पैशांचं आणि प्रवासाचं. माझे गोव्यातले बहुतेक रुग्ण यासाठी मुंबई किंवा बेंगळुरू गाठतात. तुम्हाला थिवीहून रात्रीची कोकणकन्या सोयीची. परतताना गाडीने, विमानाने कसंही या, विमानात बसायला हरकत नाही. खर्च लाखांच्या घरात जातो. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड आणि सरकारची मेडिक्लेम योजना, दोन्हीची चौकशी निघण्याआधी करा. परत आल्यावर बिलं घेऊन फिरणारे मी फार बघितलेत. गोमेकॉच्या न्यूरोसर्जरी विभागात दाखवून कागद तयार ठेवलात तर पुढची धावपळ वाचते, आणि वर्षाचे एमआरआय इथेच काढून सीडी पाठवता येते. रिपोर्ट नको, सीडी. रिपोर्टावरून मला मोजता येत नाही.

आता माझं मत. आईंचा हा पहिलाच एमआरआय आहे, गाठ वाढतेय की वर्षानुवर्षं तेवढीच आहे हे कुणालाच माहीत नाही. लगेच किरण घेतल्याने कान वाचेल याची हमी नाही. म्हणून मी सहा महिन्यांनी त्याच मशीनवर, तशाच पद्धतीने दुसरा एमआरआय काढून दोन्ही शेजारी ठेवून मोजेन. दोन मिलिमीटर किंवा जास्त वाढ दिसली तर किरण, आणि तेव्हा उशीर करणार नाही, कारण अडीच-तीनच्या पुढे गेलं की ही वाट अरुंद होते आणि ऑपरेशनच उरतं. वाढ नसेल तर आणखी सहा महिने, मग वर्षाने एकदा. पण याला एक अट आहे, आणि तिचं उत्तर तुम्हीच देऊ शकता: आई सहा महिन्यांनी खरंच जातील का? "आता बरं वाटतंय, कशाला परत त्या बोगद्यात घालता" म्हणणाऱ्या असतील, आणि तुम्ही नोकरीसाठी बाहेर असाल, तर मी आताच किरण घ्या म्हणेन. नजर ठेवायची म्हणजे कुणीतरी खरंच बघायला हवं. किरण घेतले तरी एमआरआय सुटत नाहीत: सहा महिन्यांनी, मग वर्षाने, पुढे अंतर वाढवत दहा वर्षं आणि त्याहून जास्त.

ऑपरेशन मी पहिल्या क्रमांकावर ठेवत नाही, आणि इथेच माझा कल आड येत असेल. ज्यांनी ते सुचवलं त्यांना विचारा की या मापाच्या गाठीत त्यांच्या हातून चेहरा किती जणांचा शाबूत राहिला. चांगल्या हातात उत्तर चांगलं येतं, आणि 'डोक्यात काहीही शिल्लक नको' असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांनी ऑपरेशनच करावं. फोंड्याच्या बाईंनी तेच करायला हवं होतं, असं मला नंतर कितीदा वाटलं.

तोवर थांबायचं म्हणजे हातावर हात नाही. तोलासाठी फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्या, मेंदू उरलेल्या बाजूवर भिस्त ठेवायला शिकतो. रात्री न्हाणीघराच्या वाटेवर दिवा लावून ठेवा. आईच्या उजव्या बाजूला बसून बोला. कानातल्या गुंईचा त्रास झोपताना जास्त होतो, पंखा किंवा हलका रेडिओ चालू असला की ती मागे पडते. विहिरीवर, तळीवर एकट्याने पोहणं बंद. पाण्याखाली डोळे मिटले की वर कुठे हे कळत नाही अशी अवस्था या गाठीत येऊ शकते.

आणि चवथ. घाई करण्यासारखं काही नाही, ही गाठ दोन महिन्यांत कुठे पळत नाही. आईंना नेवऱ्या करू द्या, आरतीला उभं राहू द्या. झांजांनी कानात त्रास झाला तर उजव्या बाजूने थोडं लांब. फक्त गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायला स्टुलावर यंदा त्या नकोत. तुम्ही चढा.